घाटाचा राजा, चौथा मजला

४ जुलै, शनिवार. सकाळ.
सायकलची मोठी शर्यत आजपासून. तीन आठवडे. सासरेबुवाही आजपासून. तेही तीन आठवडे. मेहुण्याच्या घरी बाथरूमच्या फरशा उखडल्या आहेत. नव्या बसेपर्यंत सासरेबुवा आमच्याकडे. बायको म्हणाली, बाबांना शर्यत बघायला आवडते, संध्याकाळी टीव्ही त्यांचा. मी म्हटलं, अवश्य. मनात काय म्हटलं ते इथेही लिहीत नाही.

शर्यतीच्या निमित्ताने संकल्प. लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर जिन्यानेच जायचं आणि जिन्यानेच उतरायचं. दुसरं, कचऱ्याचा डबा रोज मी खाली नेणार, लेकीशी त्यावरून वाद नाही. तिसरं, सासरेबुवांशी आदराने पण बरोबरीच्या नात्याने बोलायचं.

५ जुलै, रविवार.
उतरताना जिना, चढताना लिफ्ट. शरीराला सवय हळूहळू लावावी असं सगळे तज्ज्ञ सांगतात.

डबा लेकीने नेला. ती नाहीतरी खाली चालली होती.

सासरेबुवा कोर्टात स्टेनो होते. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं, स्वतः बोलले नाहीत. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले आहेत. एक, पंखा कितीवर आहे. दोन, ती घरी आहे का. हॉलचे पडदे घेताना त्यांनी शेजाऱ्यांचं मत घेतलं होतं. पडदे माझ्या हॉलचे होते. मला त्याचं काही वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

७ जुलै, मंगळवार.
ऑफिसातून चारला सुटून त्यांच्याबरोबर शर्यत बघितली. अजून सपाट रस्ते चालू आहेत. सपाट रस्त्यावर सायकल कोणीही चालवतं. खरा खेळ घाटात, असं मी म्हणालो. सासरेबुवा म्हणाले, हं.

मग मी मुद्दा मांडला. चढउतार हा माझा पेशा आहे. लिफ्टच्या कंपनीत तक्रार विभाग सांभाळतो. वर जाणारी वस्तू कुठे अडकणार हे मला फोनवरच्या आवाजावरून कळतं. सायकलवाला काय आणि लिफ्ट काय, तत्त्व एकच. सासरेबुवांनी पंखा कितीवर आहे ते विचारलं.

९ जुलै, गुरुवार. सकाळ.
ऐतिहासिक दिवस. आज पहिला घाट. चहा पिताना सासरेबुवा पेपरातून मान वर करून म्हणाले, “आज कोण?”

मी मागे वळून पाहिलं. मागे फ्रिज होता. म्हणजे प्रश्न मलाच होता.

मी लंबू सांगितला. (घाटात दम असलेले तिघंच आहेत. लंबू, दाढी आणि पोरगा. नावं आम्हीच ठेवली, खरी नावं उच्चारताना जीभ घसरते.) पाय लांब, म्हणजे पॅडल कमी, म्हणजे दम शिल्लक. दोन कप चहा होईपर्यंत समजावून सांगितलं. सासरेबुवांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

संध्याकाळ.
लंबू पायथ्यालाच गळाला. दाढी जिंकला. निव्वळ योगायोग.

१० जुलै, शुक्रवार.
आज पुन्हा विचारलं, “आज कोण?” काल माझा अंदाज चुकला, तरी विचारलं. खरा जाणकार निकाल बघत नाही, विचार बघतो. दाढी सांगितला. कालचा विजेता, अंगात वारं शिरलेलं. शेवटच्या वळणावर त्याची साखळी पडली. साखळीचा अंदाज कोणाचा बापही बांधू शकत नाही. सासरेबुवा खुशीत होते. त्यांना दृश्यं आवडत असावीत.

जिना: गुडघा.

१४ जुलै, मंगळवार.
आमचं जमलं आहे. सासरेबुवा माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवतात. पहिला कप मला. बायको बघतच राहिली.

आज एक गोष्ट कळली. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या पाच मित्रांचा फोनवर ग्रुप आहे. घाटाच्या दिवशी प्रत्येकाने एक सायकलवाला निवडायचा. त्याचा नंबर जितका वरचा, तितके गुण जास्त. जो जिंकेल त्याला बागेतल्या बाकाचं सावलीचं टोक वर्षभरासाठी. दुसऱ्या टोकाला ऊन आणि वर कबुतरं. सासरेबुवा तीन वर्षं त्या टोकाला बसतायत. यंदा पहिल्या नंबरावर आहेत.

यामागे कोणाची मेहनत आहे हे वेगळं सांगायला नको. तरी मी खडा टाकून पाहिला. सासरेबुवा म्हणाले, “तुमच्याशिवाय जमलंच नसतं.” हे वाक्य मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. रिसेप्शनवरच्या बाईंना दोनदा.

माझा एकही सायकलवाला अजून जिंकलेला नाही, हे खरं. पण मी दिशा देतो, निवड ते करतात. सल्लागाराचं काम असंच पडद्याआडचं असतं.

१६ जुलै, गुरुवार.
सासरेबुवांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. दाढी करताना ऐकू आलं. पलीकडून कोणीतरी विचारत होतं, पनवतीला विचारलंस का?

बराच विचार केला. पनवती म्हणजे बहुधा मामा. मामा हा शर्यतीतला सगळ्यात वयस्कर सायकलवाला. या वर्षानंतर सोडणार आहे. घाटात रोज शेवटून पहिला येतो. मामा हे नाव सासरेबुवांनी ठेवलं, कारण तो त्यांच्या मामांसारखा मान एका बाजूला टाकून चालवतो. अशा कष्टाळू माणसाला पनवती म्हणणं मला पटलं नाही. मी चहाच्या वेळी स्पष्ट सांगितलं, की त्या माणसालाही मन असेल, कानावर गेलं तर काय वाटेल त्याला. सासरेबुवांना ठसका लागला. मी पाठ चोळली.

१८ जुलै, शनिवार.
पोरगा सांगितला. तरणं रक्त. त्याचं पोट बिघडलं, शर्यतच सोडून गेला. बाहेरचं खातात ही मुलं.

जिना: दुसऱ्या मजल्यापर्यंत सलग. तिथे एका बाईंनी दार उघडून पाणी हवंय का विचारलं. पुढे लिफ्ट. डबा: लेक.

२१ जुलै, मंगळवार.
मेहुण्याचा फोन. फरशा बसल्या, शनिवारी बाबांना न्यायला येतो. चला, टीव्ही परत मिळणार. मी त्याला सहज विचारलं, सिमेंट नीट वाळलंय का. घाई केली तर फरशा हलतात, आणखी आठ-दहा दिवस जाऊ देत. तो म्हणाला, भाऊजी, तुम्ही कधीपासून फरशीतले झालात?

मला काय. त्याच्याच भल्यासाठी सांगितलं.

२२ जुलै, बुधवार.
आज घाट होता म्हणून ऑफिसातून लवकर निघालो. घरी आलो तर दार उघडंच. सासरेबुवा पाठमोरे बसलेले, फोन स्पीकरवर. पलीकडचे म्हातारे खिदळत होते. एक म्हणाला, “तुझ्या जावयाने आज कोणाला बुडवलं? काही म्हण, पनवती पक्की आहे. ती ज्याचं नाव घेते त्याला सोडायचं, उरलेल्यातून उचलायचा. आम्हाला का नाही असा जावई?” सासरेबुवाही हसले.

एक बूट काढून झाला होता. तो परत घातला. खाली गेलो. रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभा राहिलो. मग वर आलो. दारापाशी आल्यावर लक्षात आलं की चारही मजले जिन्याने चढलो, मध्ये न थांबता.

संकल्प पूर्ण झाला. आनंद झाला नाही.

२३ जुलै, गुरुवार.
फार जिव्हारी लागलं. इतके दिवस मला वाटत होतं माझं मत घेतायत. मत घेतच होते म्हणा.

बायकोला सांगितलं. तिला माहीत होतं. लेकीलाही. फ्रिजलाही माहीत असेल. बायको म्हणाली, “अहो, अठरा वर्षांत बाबा कोणाशी इतकं बोलले नाहीत. त्यांना तुमच्यापाशी बसायला आवडतं, एवढं पुरे नाही का?” मी म्हटलं, नाही. आणि हे त्यांना सांगू नकोस. ती म्हणाली, बरं. तिचं बरं मला अठरा वर्षांत नीट कळलेलं नाही.

उद्या शेवटचा घाट. उद्या लंबू जिंकणार. दोन दिवस त्याने अंग राखलंय, पुढे जाऊन मागे येतोय. अडकलेली लिफ्ट सुटण्याआधी असाच आवाज करते. हे मी कोणालाही सांगणार नाही.

सासरेबुवांना मी मामा सांगणार. बेत साधा आहे. ते मामाला सोडतील. मामाला तसंही कोणी घेत नाही, म्हणजे माझा सल्ला फुकट. बघू या पनवतीशिवाय कसे जिंकतात. इतके दिवस त्यांनी मला मामा बनवलं, उद्या मी त्यांना मामा देतो.

२४ जुलै, शुक्रवार. सकाळ.
“आज कोण?” मी म्हटलं, मामा. त्यांनी पेपर खाली ठेवला. नक्की का, असं आजवर एकदाही न विचारलेलं विचारलं. मी म्हटलं, शंभर टक्के. शेवटची शर्यत आहे, जीव तोडून चालवेल. मग कपात बघत बसलो.

संध्याकाळ.
लंबू जिंकला.

तीन आठवड्यांतला माझा पहिला बरोबर अंदाज. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि तसाच खाली बसलो. सांगणार कोणाला?

सासरेबुवांचं लंबूकडे लक्षच नव्हतं. ते मामाची वाट बघत होते. मामा आला तेव्हा लोक कठडे उचलत होते. मान एका बाजूला. सासरेबुवांनी टाळी वाजवली, एकट्याने. मग फोन बघितला. पहिल्या नंबरावरून तिसऱ्यावर.

मी विचारलं, असं कसं झालं? म्हणाले, मामाला घेतला होता. म्हटलं, पण का? मी सांगतो त्याला तर तुम्ही...

ते म्हणाले, “काल रात्री ती म्हणाली, तुम्ही सगळं ऐकलंत. म्हटलं, इतके दिवस यांच्या जिवावर जिंकलो, एक दिवस यांच्या शब्दावर हरू. फिटलं.”

सांगायला तोंड उघडलं. खरा अंदाज लंबूचा होता, तो सांगितला असता तर बाक तुमचा होता. पण मग खोटं का बोललो तेही सांगावं लागलं असतं. तोंड मिटलं. त्यांना वाटलं मला भरून आलंय. त्यांनी पाठ थोपटली. ते थोपटत होते तोवर खरोखरच भरून आलं.

२५ जुलै, शनिवार.
मेहुणा घेऊन गेला. बॅग मी धरली. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. ठरवलं, तळमजल्यापर्यंत सांगून टाकायचं. लिफ्ट एरवी रखडते, आज सरळ खाली गेली. आमच्याच कंपनीची आहे. तक्रार तरी कुठे करणार?

२६ जुलै, रविवार.
शर्यत संपली. टीव्ही मोकळा आहे. कोणी लावला नाही.

संध्याकाळी बागेवरून गेलो. सासरेबुवा बाकाच्या उन्हाच्या टोकाला. वर कबुतरं. दुसऱ्या टोकाला तो फोनवर खिदळणारा म्हातारा (आवाजावरून ओळखला), सावलीत, पाय पसरून. घरून मोठी छत्री घेऊनच निघालो होतो. ती पुढे केली. त्यांनी विचारलं, ही कशाला? खरं कारण सांगता येईना. म्हटलं, ठेवा, आज नक्की पाऊस येणार.

त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि छत्री परत दिली.

२७ जुलै, सोमवार. सकाळ.
चहा. शेजारची खुर्ची रिकामी. पेपर वाचत होतो. शर्यतीची बातमी आतल्या पानावर, लंबूचा फोटो.

मागून आवाज आला, “आज कोण?”

एकदम वळलो. बायको कचऱ्याचा डबा घेऊन उभी होती. लेक अंघोळीला गेली होती.

मी म्हटलं, मी.

हा अंदाजही बरोबर ठरला. लिफ्ट बंद होती.