आधी पंखा हातानं फिरवायचा

आबा, माझी लेक, तुमची नात, चार वर्षांची झाली तरी बाहेरच्यांसमोर बोलत नाही. घरात चार-दोन शब्द बोलते, दाराबाहेर पाय टाकला की तोंडाला कुलूप. इथं कुवेतात जाब्रियाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान चांगले आहेत. सासूबाईंचं फोनवर रोज एकच, "तिला माझ्याकडं गावाला धाडा. तिथं चार पोरांत जीभ सुटेल. कुवेतात भिंतींशी बोलणार का ती?" ह्यांनाही ते पटलंय. शाळेनं घेतलं नाही तर पाठवायची, असं म्हणतात. मी नाही पाठवणार. माझं पोर माझ्यापाशी राहील.

तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते, माझी शाळाही तिथंच सुटली. पण तुमची विमानं मला पाठ आहेत. तुम्ही एअरफोर्सात मेकॅनिक, पंख्याच्या विमानांवर. खाली उतरून जमिनीवर रॉकेट मारायची ती. शेजारी नवी जेट आली आणि सगळे तिकडं बघायला पळाले, तुम्ही मात्र पंखा धरून उभे. तुमचं विमान बंदुकीसारखं काडतूस फोडून, त्याच्या धक्क्यानं चालू व्हायचं. पण उभं राहून राहून इंजिनात खाली तेल साचायचं, आणि तसंच काडतूस फोडलं तर आतला दांडा वाकायचा. म्हणून आधी पंखा हातानं फिरवायचा, तेल निघून जाईपर्यंत. मी एकदा आईच्या शिलाई मशीनचं अडलेलं चाक हिसडलं, तर तुम्ही हातावर चापट मारलीत. "अडलंय त्याला दामटायचं नाही गं. हातानं फिरव, हळू."

आज शाळेत प्रवेशाच्या मुलाखतीला मॅडम विचारतायत, "व्हॉट इज युअर नेम?" पोर गप्प. परत विचारतात, मोठ्यानं. मग टेबलावर पेन वाजवून. मी उठले. मोडक्या हिंदीत म्हटलं, "मॅडम, थोडा रुको." तिचे दोन्ही हात धरले आणि आमचा घरातला विमानाचा खेळ सुरू केला. हात गोल, हळूहळू. मॅडम घड्याळ बघायला लागल्या, मी थांबले नाही. शेवटी ती म्हणाली, "फट्." काडतुसाचा आवाज, मीच शिकवलेला. आणि मग, "पाणी." मॅडमनी स्वतःची बाटली पुढं केली. "फोन करेंगे," एवढंच म्हणाल्या.

हे शुवैखच्या गॅरेजमधून, कामावरून तसेच शाळेबाहेर घ्यायला आले होते, शर्टाला ग्रीस. सगळं ऐकून म्हणाले, "नाव विचारलं तर पाणी मागितलं? हॉटेल वाटलं का तिला?" मला हसूच आलं. मग म्हटलं, "शाळा घेवो न घेवो, ती गावाला जाणार नाही. आईंना मी सांगते."

तुम्ही आहात तिथं पोस्ट जात नाही, म्हणून हा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक ह्यांनाही सांगितलं नाही. मॅडमनी तिच्याआधी मला माझं नाव विचारलं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हात फिरवले ते तिच्यासाठी, पण फिरत होते दोघींचे.