टोमॅटो १ ते ६

सोमवार, १ सप्टेंबर

नवी वही. मराठीत लिहायची. लेक श्रिया सोळा वर्षांची आहे, तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. नवरा, शिरीष, आठवडाभर तारानाकीत, दूध-पावडरच्या प्लान्टवर. शनिवार-रविवार इथे हॅमिल्टनला घरी येतो तेव्हा झोपतो. म्हणजे वही सुरक्षित. ठेवायची जागा: लाँड्री, वॉशिंग मशीनवर, साबणाच्या डब्यामागे. घरातून तीन पायऱ्या उतरून, गराजला लागून असलेली थंडगार खोली. तिथे माझ्याशिवाय कुणी जात नाही.

प्रोजेक्ट: आईंचा उजवा गुडघा.

सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. दुखतं हे कबूल करत नाहीत. दोनदा जीपीकडे नेलं. मी शेजारी बसून सगळं नीट सांगितलं, कुठे दुखतं, किती दुखतं, कधीपासून. त्या हसून 'नो पेन, थँक्यू' म्हणाल्या. डॉक्टरने कुणाचं ऐकावं?

पलीकडची ग्लेनिस हातांच्या सांधेदुखीसाठी गांजाच्या पानांचं तेल चोळते. काल तिने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून सहा काड्या दिल्या. लावून टाक, लव्ह, म्हणाली, स्वीट ॲज, म्हणजे एकदम मस्त. मुळं फुटली की वाढवायच्या, पानांचं तेल करायचं, आईंच्या नारायण तेलाच्या बाटलीत मिसळायचं. त्यांना सांगायचं नाही. उगाच ताण नको.

घरी लावणं बेकायदा आहे. मी फार्मासिस्ट आहे, मला चारचौघांपेक्षा जास्त माहीत आहे. कळलं तर रजिस्ट्रेशन जाईल. पंधरा वर्षांपूर्वी, या देशात नवे असताना, माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या खोलीत, वर्षाच्या श्रियाला मांडीवर घेऊन अभ्यास करून दिलेल्या परीक्षा, सगळं पाण्यात. पण सहा काड्या म्हणजे काही शेती नव्हे. प्रयोग आहे.

कुंड्यांना लेबलं लावली. टोमॅटो १ ते टोमॅटो ६. फार्मसीच्या प्रिंटरवर काढली नाहीत, हाताने लिहिली. इतपत अक्कल आहे मला.

गुरुवार, ४ सप्टेंबर

काड्या ताठ. प्लॅस्टिकच्या झाकणाखाली दव धरलंय. उत्तम.

आई आज लाँड्रीच्या दारापर्यंत आल्या. विचारलं, विभा, काय गं लावलंयस? म्हटलं, टोमॅटो. त्यांनी चष्मा पदराने पुसून पुन्हा पाहिलं. हो का, म्हणाल्या.

जेवताना त्यांच्या वडिलांच्या गोष्टी निघाल्या. ते अबकारी खात्यात होते, निफाडला की येवल्याला. जप्तीचा माल अंगणात कसा पडलेला असायचा वगैरे. माझं लक्ष नव्हतं.

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ६.४०

बाहेर धुकं, समोरचं कुंपणही दिसत नाही. कुंड्यांखाली घालायची हीट मॅट आणली आहे. माती हाताला छान कोमट लागते. या देशात घरं कशी तापवायची ते माहीत नाही, पण कुंडी तापवायची सोय आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मॅटचं बटण काल लावायचंच राहून गेलं होतं. तरी सकाळी माती कोमट. उष्णता धरून ठेवते. दर्जेदार वस्तू.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सहाही काड्या खालून तपकिरी आणि मऊ. उकडलेल्या भेंडीसारख्या. निदान: बुरशी. कारण: जास्त ओल. उपाय: नवी माती, कुंड्या धुऊन, काड्या कमी भिजवून. शास्त्रीय पद्धतीने गेलं की अपयश म्हणजे फक्त माहिती असते.

आईंचा गुडघा वाढला आहे. उठताना ओटा धरतात. खोदून विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, पायऱ्यांनी थोडं होतं. कुठल्या पायऱ्या? घर एकमजली. लायब्ररीच्या असणार. यापुढे लायब्ररी बंद.

सोमवार, १५ सप्टेंबर

ग्लेनिसकडून नव्या सहा. जुनीच लेबलं.

ठराव: मुळं आली का हे बघायला काड्या उपटायच्या नाहीत.

मंगळवार, १६ सप्टेंबर

फक्त टोमॅटो २ उपटून पाहिली.

बुधवार, १७ सप्टेंबर

फार्मसीत पोलीस आला. गणवेशात. काउंटरवर दोन्ही हात ठेवून माझं नाव वाचलं, विभावरी, असं सावकाश. त्याला सर्दीच्या गोळ्या हव्या होत्या, परागकणांची ॲलर्जी. मी त्याला गोळी कशी घ्यायची ते तीन वेळा समजावलं. तो म्हणाला, यू ओके? म्हटलं, हीप्स, म्हणजे ढीगभर. तो गेल्यावर लक्षात आलं की हे उत्तर होत नाही.

घरी येऊन लाँड्रीच्या खिडकीला जुनी चादर लावली. म्हणजे आता बाहेरून कुणालाही वाटेल की आत काहीतरी आहे. चादर काढली. पुन्हा लावली, अर्धी.

रविवार, २१ सप्टेंबर

आई आणि ग्लेनिस कुंपणाशी अर्धा तास उभ्या. ना हिला इंग्लिश धड येत, ना तिला मराठीचा गंध. हातवारे चालले होते. आईंनी गुडघ्याकडे बोट दाखवलं, मग आमच्या घराकडे, मग जोरजोरात मान हलवली. ग्लेनिसने त्यांचा हात थोपटला. बरं वाटलं. त्यांना इथे मैत्रीण मिळाली.

गुरुवार, २५ सप्टेंबर. सकाळी ७.१५

दुसऱ्या सहाही गेल्या. तशाच, बुडाशी शिजल्यासारख्या. या वेळी माती कोरडी होती, तेव्हा बुरशी नाही. मग पाण्यातलं क्लोरीन.

आज आई बाथरूममध्ये होत्या. नळ सोडलेला. नळाच्या आवाजाखाली त्या 'आई गं' म्हणाल्या. शहात्तर वर्षांची बाई, त्यांच्या आईला जाऊनही पन्नास वर्षं झाली असतील. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. टॉवेल कडीला अडकवला आणि पाय न वाजवता परत आले. ऐकलं हे कळलं असतं तर त्यांनी उद्यापासून नळ मोठा सोडला असता.

मला नुसतं बघत बसता येत नाही. येत नाही म्हणजे येत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

आजपासून उन्हाळी वेळ, घड्याळं एक तास पुढे. आईंच्या खोलीतलं घड्याळ बदलायचं राहिलं, म्हणून त्यांचे पाच म्हणजे माझे सहा. नेमकी मी उठले होते. त्या केटलमधून उकळतं पाणी कपात घेऊन पॅसेजमध्ये. अनवाणी. जँडल्स, रबरी चपला, आणून दिल्या आहेत, घालत नाहीत.

पहाटे गरम पाणी पितात. या वयात ही शिस्त.

पण चालल्या होत्या लाँड्रीकडे. म्हटलं, आई, खोली इकडे. त्या थांबल्या, कपाकडे पाहिलं, हो गं, चुकलेच, म्हणाल्या. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. दिशा चुकणं हे पहिलं लक्षण असतं. शिरीषला सांगितलं. तो कुशीवर वळून म्हणाला, आई? तिला अख्ख्या नाशिकच्या गल्ल्या पाठ आहेत. आणि झोपला. मुलगे असेच.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

ग्लेनिस आढेवेढे घेत होती. कदाचित तुझ्या नशिबात नाही, लव्ह, सोड ना. मी तिला नीट ओळखलं आहे. आपलं साधलं, दुसऱ्याचं साधू नये. शेवटी घेतल्याच सहा.

पाणी गाळून, उकळून, निववून. आता चूक होण्यासारखं काही उरलेलंच नाही.

श्रिया कपडे घ्यायला लाँड्रीत आली. मॉम, दॅट इज सो नॉट टोमॅटो. म्हटलं, ही भारतीय जात आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, डझ आजी नो? म्हटलं, काय नो? टोमॅटो आहेत. ती म्हणाली, ओके मॉम. 'ओके'मध्ये एवढी करुणा मी पूर्वी ऐकली नव्हती.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

भाड्याच्या घराच्या एजन्सीची ईमेल. तिमाही इन्स्पेक्शन, गुरुवार, २३ ऑक्टोबर, साडेदहा. कार्ला येणार. कार्ला म्हणजे प्रत्येक कपाट उघडून, फोटो काढून, सिंकखालच्या डागावर दोन परिच्छेद लिहिणारी बाई. तिला गांजा ओळखू येईल. इथे जन्मली आहे.

शांत. नऊ दिवस आहेत. बुधवारी संध्याकाळी सगळं ग्लेनिसच्या शेडमध्ये.

पाच गेल्या. पण टोमॅटो ४ अजून हिरवी आहे. ट्रेच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून. हात पोचत नाही अशी जागा. तीच जगली, हे विलक्षण आहे. भिंतीत काहीतरी गुण असावा.

आई आता काठी वापरतात. छत्री आहे, त्या काठी म्हणत नाहीत.

बुधवार, २२ ऑक्टोबर

ग्लेनिस लाँग वीकएंडसाठी आधीच मुलीकडे रॅगलनला गेली. शेडला कुलूप. सांगून नाही गेली.

नवी योजना: उद्या सकाळी ट्रे गाडीच्या डिकीत, गाडी फार्मसीच्या पार्किंगमध्ये, संध्याकाळी परत. कुणीच डिकी उघडत नाही. टोमॅटो ४ ला मूळ आलं आहे अशी माझी खात्री आहे. टाकून देणार नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. दुपारी १.३०

सकाळी सात वाजता फार्मसीतून फोन: दुसरी फार्मासिस्ट आजारी, लवकर ये. गेले. दहा वाजून पाच मिनिटांनी कुणाच्या तरी गोळ्या मोजताना एकदम आठवलं. एकवीसवर थांबले. ट्रे लाँड्रीत. वही लाँड्रीत. तारखांसकट, माझ्या अक्षरात.

घरी फोन लावला. आई उचलत नाहीत. पुन्हा. पुन्हा. मॅनेजरला सांगितलं, सासूबाई पडल्या. तोंडातून हेच निघालं.

दहा बत्तीसला घरासमोर. कार्लाची पांढरी गाडी उभी. गराजचं दार उघडं. मी मनात वाक्य तयार करत आत गेले: हे माझं आहे, घरातल्या कुणाचा संबंध नाही.

लाँड्रीत आई एका हाताने छत्री, दुसऱ्याने वॉशिंग मशीन धरून उभ्या. कार्ला वाकून फोटो घेत होती. ट्रेमध्ये सहा कुंड्या. माझ्याच. माझीच लेबलं. आणि सहाही कुंड्यांत वीतभर उंचीची, आधाराच्या काठ्यांना दोऱ्याने बांधलेली, लख्ख हिरवी टोमॅटोची रोपं.

कार्ला म्हणाली, लव्हली टोमॅटोज, लेबर वीकएंडला लावतात सगळे, तुमचे आधीच तयार, किती ऑर्गनाइज्ड आहात तुम्ही. सिंकखाली डाग आहे मात्र. आणि गेली.

आई तिसऱ्या पायरीवर बसल्या. बस, म्हणाल्या. बसले. फरशी इतकी गार होती की गारवा पँटमधून हाडापर्यंत गेला.

त्या म्हणाल्या, विभा, माझ्या वडिलांच्या अंगणात भांग गाडीगाडीने येऊन पडायची. आणि तू मला टोमॅटो सांगतेस.

मग सांगितलं. रोज पहाटे पाचला, अर्धा कप उकळतं पाणी. पहिल्या वेळी वाटलं, संपलं. तू दुसऱ्या आणल्यास. त्या संपवल्या तर तिसऱ्या. ग्लेनिसला खुणेने सांगितलं देऊ नकोस, तर तू तिच्या डोक्यावर बसून आणल्यास. मागची तेवढी राहिली, तिथे हात पोचेना. आज पोचवला. काल जाताना ग्लेनिस हीच रोपं देऊन गेली.

मी विचारलं, रोज तीन पायऱ्या उतरत होतात? अनवाणी, या फरशीवर?

त्या म्हणाल्या, मग काय, तू वर आणून ठेवणार होतीस?

म्हणजे दीड महिना गुडघा वाढत गेला तो यानेच. आणि तो वाढला म्हणून मी आणखी आणत गेले. मी म्हटलं, आई, मला सांगायचं ना.

त्या म्हणाल्या, तू सांगितलंस?

साबणाच्या डब्यामागून त्यांनी वही काढली. श्रियाला वाचता येत नाही, शिरीषला वेळ नाही, आणि मी काय अडाणी आहे का गं? चष्मा लावून पहिलं पान उघडलं, बोट ठेवलं. हे खोटं लिहिलंयस, म्हणाल्या. परीक्षेच्या वेळी श्रिया तुझ्या मांडीवर नव्हती. माझ्या होती. सहा महिने. इथे, या उजव्या. ते सर्टिफिकेट एकटीचं नाही तुझं, की तू ते सहा काड्यांवर लावावंस.

मग म्हणाल्या, ते नळाचं पानही वाचलं. मंगळवारी ने मला डॉक्टरकडे. पण तू बोलायचं नाहीस. तू सगळं बोलून टाकतेस, मग मला नो पेनशिवाय काही उरतच नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

जीपीकडे. मी शेजारच्या खुर्चीवर, हात पर्सवर, तोंड बंद. अकरा मिनिटं. घड्याळ समोरच होतं.

डॉक्टरने विचारलं, दुखणं जास्त कधीपासून झालं? आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे पाहिलं.

सिन्स टोमॅटोज, आई म्हणाल्या.

डॉक्टरने टाइप करायला घेतलं, थांबली, पुन्हा विचारलं. आईंनी पुन्हा तेच सांगितलं, ठणकावून.

एक्स-रे, फिजिओ, चोळायचं जेल. पायऱ्या कमी, थंड फरशीवर अनवाणी बिलकूल नाही. हे सगळं मी एक सप्टेंबरला सांगू शकले असते. जेल फार्मसीत मीच काढून दिलं. लेबल फार्मसीच्या प्रिंटरवर काढलं.

घरी आल्यावर लाँड्रीतली हीट मॅट गुंडाळायला घेतली. वायरचा प्लग प्लॅस्टिकच्या पिशवीतच होता, सील न फोडलेला.

वही इथे संपवते. टोमॅटो मागच्या अंगणात लावले, आईंच्या खिडकीसमोर. त्या खुर्चीवर बसून, पायात मोजे आणि वर जँडल्स घालून, मला खड्डे दाखवत होत्या. म्हणाल्या, आता रोज उपटून बघू नकोस.

नाही बघितलं. टोमॅटो ४ ची जरा माती बाजूला केली, तेवढंच.