तेविसावा खड्डा

आबा, तुला मरून आठ वर्षं झाली, माझा राग मात्र काही मेला नाही. मी एका जागी टिकत नाही, हे तुला ठाऊकच आहे. आज खांडबाऱ्याच्या स्टेशनावर बसलोय, गाडीला उशीर आहे, आणि रुळांपलीकडे कुणीतरी चर खणतंय, म्हणून तू आठवलास. नाहीतर बाप म्हणून आठवावं असं तू ठेवलंस काय?

धडगावच्या घाटातलं रस्त्याचं काम. तू मोजणीचा मिस्तरी, वही माझ्याकडे. टेप फुटांची, पण सरकारनं नवी मापं आणलेली, म्हणून वहीत घनमीटर लिहायचे. डोंगरातल्या माणसांच्या टोळीनं बावीस खड्डे खणले होते, प्रत्येक दहा फूट लांब, दहा रुंद, एक खोल. खड्ड्याच्या मधोमध मातीचा खुंट राखलेला, मूळ जमीन कुठवर होती त्याची साक्ष म्हणून. बासष्ट घनमीटर भरले की होळीला घरी सोडायचं, असा तुझाच शब्द. होळी दुसऱ्या दिवशी, गाव दिवसभराच्या वाटेवर. बायांनी गाठोडीसुद्धा बांधलेली.

तू बिडी पेटवतोस आणि म्हणतोस, "फुटाले पॉइंट तीन मीटर धर. सोपं पडस." मी धरतो. लांबीत जरा जातं, रुंदीत जरा, खोलीत जरा. खड्डा तिन्ही अंगांनी आखडतो. बेरीज साठालाही पोचत नाही.

टोळीचा म्हातारा खड्ड्यामागे एक असे बावीस खडे ओंजळीत घेऊन आला. "मिस्तरी, खड्डे तर इथंच हायेत. एखादा उठून डोंगर चढला का?" बाया हसल्या. तू नाही हसलास. "वही खोटं बोलस का? आखो एक खंदा."

मुरूम कडक होता. तेविसावा खड्डा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरला. निघताना म्हातारा खडे तुझ्या पायाशी टाकून म्हणाला, "यंदाची होळी पण वहीत लिवून टाक." तू दुसरी बिडी पेटवलीस. ती बिडी मी अजून विसरलो नाही.

गाडीची घंटा झाली. हे पत्र टाकायला पेटी कुठली आणि पत्ता कुठला. एक राहिलं. नव्या मापांचा छापील तक्ता माझ्या खिशात होता. फूट म्हणजे पॉइंट तीन शून्य चार आठ, त्यात स्वच्छ लिहिलेलं. तसं धरलं असतं तर बावीस खड्ड्यांतच बासष्ट भरले असते. पण गुणाकार लांबला असता, आणि मलाही होळीला सारंगखेड्याला घरी जायचं होतं. कामावरच्या ट्रकनं मी पोचलो.