आईचा डबा

मोरबी, शुक्रवार संध्याकाळ

आणि परत तेच! या आमच्या आईला किती वेळा सांगायचं? शहाडला चाळीजवळच्या त्या समाजकेंद्रात कोणीही जाऊन बसावं, दुपारी फुकट गरम जेवण मिळतं, कोण काय विचारत नाही. मागे चक्कर येऊन पडलेली, डॉक्टर बोलला नीट जेवत नाही, म्हणून मीच तिला तिकडे पाठवलेलं. तर ही घरून डबा घेऊन जाते! डबा! केंद्रातल्या ताई आज फोनवर बोलल्या, "दादा, आई सगळ्यांना डब्यातली भाजी वाढतात, स्वतः नुसता चहा पितात."

लगेच आईला फोन लावला.

"पोरगा कमावतो आणि आई फुकटचं खाते, असं चाळीतले बोलतील रे."

"अगं, अर्धी चाळ तिथंच जेवते ना!"

"म्हणून तर. त्यांना माझं भरलं वांगं आवडतं."

डोकं कुठं आपटू? मी इथं टाइल्स उचलतो ते शहाडला पंगती घालायला? शेवटी बोललो, "ने तुझा डबा. ते तुझं वांगं खातील, तू त्यांचा वरणभात खा. फिटंफाट. मग कुठं राहिलं फुकटचं?"

मग बोलली, "हां, असं असेल तर जेवते."

आईला पाठवतो ते दर महिन्याचे चार हजार. आता वर वांग्यांचे पाचशे.