शेवटी चालणारा माणूस

२९ जून २०२५, रविवार
यवतमाळहून येऊन पंधराच दिवस झाले आणि आज पुण्यानं मला आपलं म्हटलं! धायरीत खोली, खराडीत नोकरी, आणि आता ऑफिसातल्या शेफालीमुळे रविवारचा ट्रेक ग्रुपसुद्धा. घाटातल्या दाट जंगलातून धबधब्यापर्यंत अर्ध्या दिवसाची वाट. उतरल्यावर पायथ्याच्या गेनबाकडे पिठलं-भाकरी. पुढे वाट दाखवायला आमोद, मध्ये शेफाली, सगळ्यांच्या शेवटी मी. दर वळणावर पुढून मोजणी येते, प्रत्येकानं आपला आकडा ओरडायचा. माझा चौदा. आमोद म्हणाला, समोर तेरा पाठी दिसत असताना वाट चुकायला विशेष गुण लागतात, जपून. शेफाली खळखळून हसली. फार छान हसते.

६ जुलै
गुगलवर ग्रुपचे सगळे अभिप्राय आमोदबद्दलच. आमोददादांनी जळवा काढल्या, आमोददादांनी फोटो काढले. माझा एका फोटोत कान आलाय. शेफाली त्याच्याच डब्यात जेवते. जळतो मी, रोजनिशीत लिहायला कसली लाज!
आज माझ्या ‘चौदा’नंतर मागून कुणीतरी हळूच ‘पंधरा’ म्हणालं. वळणार तोच घसरून आपटलो, आणि लाजेनं तसाच पुढे पळालो.

१३ जुलै
पुन्हा ‘पंधरा’. या वेळी अगदी कानामागे. गेनबाला सांगितलं, तर त्याचा भाकरी थापणारा हात थांबला. म्हणाला, “ते शेवटच्याच्या मागनंच चालतंय. आवाज आला तरी मागं बघू नगं. जो बघतो, त्यो तिकडंच ऱ्हातो.”
हे आमोदला सांगायला हवं होतं. मी जेवत राहिलो.

२० जुलै
आमोदला म्हटलं, एकदा शेवटी चालून दाखव, तुला जमायचं नाही. मुद्दाम शेफालीसमोर म्हटलं. तो हसत मागे गेला. मी पुढे.
धबधब्यापाशी मोजणी घेतली. चौदा आवाज आले, शेवटचा आमोदचा.
माणसं तेरा होती.

२४ जुलै
पोलीस, गावकरी, दोर. त्याच्या बुटांचे ठसे वाटेच्या मधोमध संपतात. शेफाली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला बरं वाटलं. देवा, खरंच बरं वाटलं.

२८ सप्टेंबर, सकाळी
ग्रुप पुन्हा सुरू. पुढे आता आमच्यातलाच रविराज. शेफाली हट्टानं शेवटी – आमोदची जागा, म्हणे. मी तिच्या पुढेच. गेनबाचं बोलणं सांगितलं, तर मला आधीच माहीत होतं हे तिला कळेल. पुढेच बघ, एवढंच म्हणालो.
मी बारा. ती तेरा. मग मागून – चौदा.
त्याचा आवाज.
तिनं आनंदानं त्याला हाक मारली. मी वळलो नाही. तिची पावलं माझ्या मागे – थांबली.

दुपारी
रविराज बाकीच्यांना घेऊन मदत आणायला उतरला. मी शेफालीसाठी थांबलोय – दगडावर, वाटेकडे पाठ करून, रोजनिशी मांडीवर. आता शेवटचा मीच.
तेरा. चौदा. दर थोड्या वेळानं. जवळ येतायत.
रडत नाहीयेत – हसतायत. दोघं.
माझ्याबरोबर ती अशी कधीच –
कुजबुजतायत. माझ्याबद्दल? तो तिला काय सांगतोय?
बघायचं नाही. नाही.
तिचा हात त्याच्या हातात असेल का – फक्त एकदा, एवढंच –