किल्ल्याचा दगड माझ्या चुलीत

३ ऑक्टोबर १९३४
दगड परत द्या म्हणे! जमीनमालकाचा कारभारी गिलख्रिस्ट चर्चच्या दारावर कागद चिकटवून गेला. मालक पडका किल्ला पुन्हा उभा करणार. तेव्हा तिथून 'चोरलेला' दगड न् दगड महिनाअखेर परत हवा. नाहीतर वसंतात गुरांना कुरण बंद.

चोरलेला! लग्न झालं की नवऱ्यानं ओहोटीला किल्ल्याच्या बेटावर चालत जायचं, ढासळलेल्या तटाचा एक दगड पाठीवर आणायचा आणि चुलीच्या तळाशी बसवायचा, ही इथली रीत. माझा कॅलमनं आणला. भरतीनं गाठलं, कमरेपर्यंत भिजला, पण दगड टाकला नाही. आता कॅलम नाही. दगड आहे.

५ ऑक्टोबर
नाही देणार.

९ ऑक्टोबर
शेजारच्या मार्सेलीनं दिला. 'अगं डोलिना, गाय उपाशी मारू का? दगड तो दगडच.' चूल विझवली बयेनं! आईच्या घरच्या निखाऱ्यानं पेटवलेली चूल. रोज निजताना राखेत झाकायची, सकाळी फुंकून जागवायची — अठ्ठावीस वर्षं विझली नव्हती. आता रोज काडी ओढते. मला बघून तोंड फिरवलं. आधी राग आला, मग रडू.

१४ ऑक्टोबर
गिलख्रिस्ट स्वतः दारात. 'बाई, सहाशे वर्षांचा इतिहास आहे तो.'

'आणि माझ्या चुलीवर काय नुसते बटाटेच शिजले?'

'तुमच्या गायीचा तरी विचार करा.'

'गाय माझ्यावरच गेलीये. कुंपण मानत नाही!'

बोलून तर बसले. तो गेल्यावर गोठ्यात जाऊन आले. गाय एकच आहे.

२० ऑक्टोबर
गावात माझीच चूल उरली. विझवणार नाही म्हणजे नाही!

२३ ऑक्टोबर
रूरी आला. मार्सेलीचा भाचा, किल्ल्यावर गवंडी आहे. वाटलं, दगड उचकटायलाच आला. चिमटा हातात घेऊन दार उघडलं!

'मावशी, चिमटा ठेव खाली. किल्ल्याची आतली भिंत उतरवली आम्ही, सगळ्यात जुनी. एकेक दगड एका अंगानं काळाकुट्ट. आणि ती बाजू आत लपवून रचलेली.'

'आग लागली असेल कधी.'

'मग भिंत बाहेरून काळी झाली असती. हे बसवण्याआधीच काळे होते. खाचांत राख आहे अजून. चुलीचे दगड आहेत, मावशी. किल्ला बांधताना गावाच्या चुली उपटून नेल्या त्यांनी.'

चहा तसाच गार झाला.

२४ ऑक्टोबर
मार्सेलीला सांगितलं. शाल घेऊन तरातरा बाहेर पडली, घरोघर.

२७ ऑक्टोबर
सकाळी ओहोटी. दारात मार्सेली, हातगाडीसकट. मागे गावातल्या एकोणीस बायका. 'चल, आपले दगड आणू,' म्हणाली. 'पण आधी चुलीत जळण घाल. सगळ्यांना निखारा तुझ्याकडूनच न्यायचाय.'