बदकाच्या चित्राची डबी

ता. १७ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि तीन फोटो मिळाले. मी बरा आहे. खोकला गेला. खोलीत आता चौघांऐवजी पाच जण झोपतो, त्यामुळे कूस बदलायची तर आधी शेजारच्याला विचारावं लागतं. आईचे गुडघे कसे आहेत ते तू लिहिलं नाहीस. बाकी ठीक.

खुशाली संपली. आता ऐक. दर वेळी माझं पत्र तू आईला मोठ्याने वाचून दाखवतेस. हे दाखवू नकोस. सांग तिला, पोराला वेळ नव्हता, दोनच ओळी खरडल्यात. मग दार लाव आणि एकटी वाच. फोनच करणार होतो, पण फोनवर मी शिव्या देतो, तू रडतेस आणि बोलायचं तेवढं राहून जातं.

तू लिहितेस, "मी तुला कधीच माफ केलंय. लहान होतास, हातून घडलं, मग भीतीने अंगठी नळाजवळ पुरून ठेवलीस."

माफ? मागितली कुणी होती तुझ्याकडे माफी? मी ती ओळ वाचली आणि पत्र चुरगळून खाटेखाली फेकलं. आमच्या खोलीतला वेल्डर वरच्या खाटेवरून म्हणाला, "काय रे, लग्न मोडलं का?" म्हटलं, नाही, मला माफी मिळाली. तर म्हणतो, "मग पेढे दे की!" त्याच्या अंगावर चप्पल भिरकावली. नंतर पत्र परत काढून मांडीवर सपाट केलं, कारण फोटो नीट बघायचे होते.

तुझ्या छंदाला मी कधी हसलो नाही. म्हणजे थोडा हसलो. तू रविवारी जमिनीतला धातू शोधायचं ते मशीन कानाला लावून मैदानं फिरतेस, टूं वाजलं की गुडघ्यावर बसतेस, आणि गंजकी किल्ली, पितळी बटण, कुणा पोराची शिट्टी, शिशाचा बिनमुंडक्याचा शिपाई असलं काय काय घरी आणून दातांच्या मऊ ब्रशने साफ करतेस. मी इथे भंगाराच्या गोदामात तेच सगळं दिवसभर फावड्याने उचलून ट्रकमध्ये टाकतो. तू शोधतेस त्याला तुमच्या त्या छंदवाल्यांच्या मंडळात टाळ्या पडतात. मी उचलतो त्याला मुकादम म्हणतो, "हात चालव." चालायचंच.

पण यात तू हुशार आहेस हे मी इथे चारचौघांत सांगतो. बाटलीचं बूच नुसतं बघून ते कुठल्या काळातलं ते सांगतेस. मागे त्या नाण्याबद्दल लिहिलं होतंस, की नाण्याचा काळ कळेना तर ते ज्यात सापडलं त्या थैलीकडे बघायचं, थैली खोटं बोलत नाही. किती ऐटीत लिहिलं होतंस!

मग बाई, अंगठीच्या वेळी थैलीकडे का नाही बघितलंस?

दुसरा फोटो समोर घे. आईची हिरव्या खड्याची अंगठी कापसावर ठेवलीय. कापूस डबीत आहे. निळी डबी, झाकणावर बदक. झाकणाच्या कडेला, बदकाच्या शेपटीपाशी एक पोचा आहे. दिसला? तो पोचा मी पाडलाय. झाकण घट्ट होतं, मी स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि तो सटकला. गुडघ्यांना लावायच्या मलमाची डबी आहे ती. इथे आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, तिकडे कुठेच मिळत नाही. इथे आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी ती आईला पाठवली होती. तूच उलट लिहिलं होतंस, "आईला बदक फार आवडलं, मलम संपलं तरी डबी टाकू देत नाही."

आता सांग मला, हजार कोस लांब बसून मी आपल्या मागच्या नळाजवळ खड्डा कसा खणला? हात रबराचे आहेत माझे?

आणि मी घर सोडल्यापासूनची सहा वर्षं नळाच्या ओल्या मातीत पत्रा राहिला तर त्याची चाळण होते, ताई. फोटोतल्या डबीवर गंजाचा ठिपका नाही. वर्षसुद्धा झालं नसेल तिला जमिनीत जाऊन.

थांब. पाणी पिऊन येतो.

त्या दिवशीचं तुला काय आठवतं ते मला माहीत नाही. तू कामावर होतीस, शिंपीकाकांच्या दुकानात, शिलाई मशीनवर. बाबांना अंगठी विकून त्यांच्या त्या दोस्ताबरोबर भागीदारीत दुकान टाकायचं होतं. आई आठवडाभर नको म्हणत होती, माझ्या आईची एवढी एकच खूण आहे, म्हणत होती. आणि त्या सकाळी अंगठी कपाटात नाही. बाबांनी गाद्या उलट्या केल्या, पिठाचा डबा ओतला. मग म्हणाले, "घरात दुसरं रिकामटेकडं आहे कोण?" माझी शाळा सुटलेली, काम धड कुठे टिकत नव्हतं. गरीब बिचाऱ्या भिंतीवर कुणीही खिळा ठोकावा.

कॉलरला धरून त्यांनी मला शिंपीकाकांच्या दुकानासमोर आणलं. एवढं तू पाहिलंस. सगळ्या गल्लीसमोर खिसे उलटे करायला लावले. सायकलचा व्हॉल्व्ह निघाला, पेन्सिलीचं थोटुक निघालं, कुणीतरी हसलं. तू काचेआडून बघत होतीस. तुझ्यावर राग नाही, तू तरी काय करणार होतीस.

पण मी वळून घराकडे बघितलं होतं. आई दारात उभी होती. हात ओले. माझ्याकडे बघत होती आणि बोलत नव्हती. मला वाटलं, हिलाही खरं वाटतंय. त्या एका नजरेपायी मी रात्रीची गाडी पकडली. बाबांच्या माराचं काही नव्हतं, तो रोजचा होता.

इथे गोदामाच्या फाटकावर संध्याकाळी सगळ्यांची झडती होते, तांबं चोरतात म्हणून. नवीन पोरं चिडतात, भांडतात. मी रांगेत असतानाच हात वर करून उभा राहतो. मुकादम एकदा म्हणाला, "तुला बरी सवय आहे रे." मी म्हटलं, घरची शिकवण आहे. तो हसला. मीही हसलो.

बाबा गेले तेव्हा तू तीनदा निरोप पाठवलास. मी रजा मिळत नाही म्हणून कळवलं. रजा मिळत होती. पण चोर म्हणून त्यांना खांदा द्यायचा नव्हता मला.

आणि सहा वर्षं मी मनाशी काय घोकत होतो? की माझी आई भोळी आहे, बाबांनी तिच्या डोक्यात भरवलं. कसली भोळी! त्या गल्लीत मी चोर नाही हे ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि ते दारात ओले हात घेऊन उभं होतं. अंगठी तिनेच लपवली होती. बाबांपासून. बरोबर केलं, तिच्या जागी मी असतो तर मीही लपवली असती. तेव्हा बोलली असती तर अंगठी गेली असती. नाही बोलली, म्हणून मी गेलो. तिने अंगठी ठेवली.

बाबा असेपर्यंत भीती होती, हे समजू शकतो. नंतर दोन वर्षं कुणाची भीती होती?

तुझ्याच पत्रात बघ, दुसऱ्या पानावर. "आईच म्हणाली, सगळ्या दुनियेची माती उकरतेस, एकदा आपल्या नळाजवळ फिरव की मशीन." तुला कौतुक वाटलं, आई माझ्या छंदात रस घ्यायला लागली! ताई, ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे. तिला सांगायचं होतं आणि तोंड उघडायचं नव्हतं. म्हणून तिने माझ्याच डबीत अंगठी घातली, पुरली आणि तोंडाचं काम तुझ्या मशीनला दिलं. मशीन बिचारं बोललं टूं. तू त्याचा अर्थ लावलास, चोर सापडला. आणि मला माफ केलंस. आणि मंडळाने तुला उत्तम शोधाचं बक्षीस दिलं!

तू ते वाचून दाखवलंस का तिला? मला माफ केलं, ते? ऐकून ती काय म्हणाली? काहीच नाही ना? मला माहीत होतं.

मंडळाच्या प्रदर्शनातून ती अंगठी काढ. तुमच्या त्या चिठ्ठ्या असतात ना वस्तूंखाली, काय, कुठे, किती खोल, त्यातली एकही तिच्याखाली लागणार नाही. हरवतं ते सापडतं. ही हरवलीच नव्हती.

आणि वर मी लिहिलंय, आईला वाचून दाखवू नकोस, ते खोड. उठ, दार उघड, तिला बोलव. डबी तिच्या हातात दे आणि हे पहिल्यापासून मोठ्याने वाच. शिव्या गाळू नकोस. रडायचं असेल तर आधी रडून घे.

आई,

आता ताई तुझ्याकडे बघत असेल. तिला काही विचारू देऊ नकोस, तूच सांग. मग चपला घाल, शिंपीकाकांच्या दुकानापर्यंत चाल. भर दुपारी जा, माणसं असतील तेव्हा. जिथे माझे खिसे उलटे केले तिथे उभी राहा आणि तुझ्या तोंडाने सांग. मशीनच्या नको. त्यानंतर ताईला लिहायला सांग, की सांगितलं. तेवढी एक ओळ आली की मी तिकीट काढतो. नाही आली तर इथे कामाला तोटा नाही.

चालताना गुडघे दुखतील. सोबत मलमाची नवी डबी पाठवतोय, बदकाचीच. मलम संपलं की टाकून दे. दुसरं काही ठेवू नकोस तिच्यात.

ज्याचे खिसे तेव्हाही रिकामेच होते, तो तुझा
धाकटा